पायांच्या साधनांसाठी ‘वयोश्री’चा अर्ज: बाद कुठे होतो?

आधी एक घोळ मिटवू. वयोश्री नावाच्या ज्येष्ठांसाठीच्या योजना दोन आहेत. राष्ट्रीय वयोश्री केंद्राची, १ एप्रिल २०१७ पासूनची. तिच्यात वस्तू मिळते, पैसे नाहीत. मुख्यमंत्री वयोश्री राज्याची, ६ फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयातली. तिच्यात ३,००० रुपये खात्यात येतात आणि वस्तू आपण घ्यायची. पारावर दोन्हींना नुसतं ‘वयोश्री’ म्हणतात आणि एकीचे कागद घेऊन दुसरीच्या रांगेत उभे राहतात.

मधुमेहानं तळव्यांची जाणीव गेलेली असेल, चालणं जड झालं असेल, तर आधी केंद्राची योजना बघा. काठी, वॉकर, कुबड्या, चाकाची खुर्ची यांच्या जोडीला ‘फूट केअर युनिट’, म्हणजे पायांची काळजी घेणारा संच, तिच्या यादीत आहे. राज्याच्या यादीत नी-ब्रेस (गुडघ्याचा पट्टा) आहे, ट्रायपॉड (तीन पायांची काठी) आहे; चपलेचं नाव नाही, शेवटी एक ‘इत्यादी’ आहे. त्या ‘इत्यादी’च्या भरवशावर मऊ तळव्याची चप्पल घेऊ नका. समाजकल्याणच्या सहाय्यक आयुक्त कार्यालयात आधी विचारा.

वय केंद्राला ६० पुरे. राज्याला ६५, आणि तेही ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत पूर्ण झालेलं. ही ओळ कुणी वाचतच नाही. त्यानंतर पासष्टी झाली असेल तर मूळ निर्णयाप्रमाणे बसत नाही. आपल्याकडे मास्तरांनी लावलेल्या १ जूनच्या जन्मतारखा काही कमी नाहीत. आजोबा खरे १९५७ चे असले आणि आधारवर १ जून १९५९ असेल, तर खिडकीवर आधारचंच ऐकतात.

उत्पन्नाचंही तसंच. केंद्राला पिवळं रेशनकार्ड, वृद्धापकाळ पेन्शनचा कागद, नाहीतर महिना १५,००० रुपयांपर्यंतच्या उत्पन्नाचा पुरावा लागतो. तहसीलच्या दाखल्यावर आकडा वर्षाचा असतो, म्हणजे १,८०,००० च्या आत हवा. राज्याची मर्यादा कुटुंबाला वर्षाला दोन लाख, आणि तिथे स्वयंघोषणापत्र चालतं. तरी दाखल्यासाठी तहसीलला आठ दिवस हेलपाटे मारलेली माणसं मी पाहिली आहेत. कुणी सांगितलंच नव्हतं. बाकी आधार, पासबुकाची झेरॉक्स, दोन फोटो.

राज्याच्या अर्जात सगळ्यात जास्त रडवतं ते खातं. “आधार जोडलंय की!” असं सगळेच सांगतात. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे सरकारी पैसे त्याच खात्यात येतील असं नाही. ते शेवटी ज्या खात्याला आधार सीडिंग झालं, म्हणजे सरकारी पैशांसाठी आधार नंबर जोडला गेला, तिथे जातात. बहुतेकदा कधीतरी शिबिरात उघडून विसरलेल्या खात्यात. म्हणून बँकेत “आधार लिंक आहे का?” असं विचारू नका, “डीबीटी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्याची सोय) कुठल्या खात्याला लागलंय?” असं विचारा.

पैसे आले की घड्याळ सुरू. ३० दिवसांत वस्तू घेऊन बिल द्यायचं असतं, नाहीतर वसुली निघू शकते. हे अर्ज भरताना कुणी सांगत नाही, आणि तोवर तीन हजार औषधांत गेलेले असतात. पक्कं बिल घ्या, लाभार्थ्याच्या नावाचं. मुलाच्या नावाचं नको.

केंद्राच्या योजनेत शिबिरं दोन. पहिल्यात एलिम्कोची (ही साधनं बनवणाऱ्या केंद्र सरकारच्या कंपनीची) माणसं तपासून मोजमाप घेतात, दुसऱ्यात वाटप. मोजमापाला म्हातारं माणूस स्वतः हवं. लेकानं कागद घेऊन जाऊन भागत नाही. मधे महिने जातात. आमच्याकडे एका आजींनी पहिल्या दिवशीची पावती बटव्यात तंबाखूच्या पुडीशेजारी ठेवली होती. वाटपाच्या दिवशी काढली तर कागद कोरा, शाई उडालेली. शेजारच्या पोरानं मोबाइलवर फोटो काढून ठेवला होता म्हणून निभावलं. मिळाल्या मिळाल्या झेरॉक्स काढा.

कुष्ठरोगानं पाय बधिर झालेल्यांनी या रांगेत उभंच राहू नये. त्यांच्यासाठी एमसीआर (खास मऊ रबराच्या) चपला सरकारी कुष्ठरोग कार्यक्रमातून मोफत असतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. आणि तळव्याला जखम असेल, बोट काळं पडत असेल, तर शिबिराची तारीख बघत बसू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात पाय दाखवा.

काही अडलं तर ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७.