कुलूप लावलेली घरं आणि तीन टक्के

समजा, निवडणुकीआधीच्या जनमत चाचणीत छापून आलं: ‘अ’ला 42 टक्के, ‘ब’ला 39 टक्के. तळाशी बारीक अक्षरात ‘±3 टक्के’. नाक्यावर चर्चा रंगते ती पहिल्या दोन आकड्यांची. मला तिसरा जास्त मोलाचा वाटतो.

हजार मतदार अगदी चिठ्ठ्या टाकून निवडले, तरी दर खेपेला वेगळे हजार निघणार आणि उत्तर थोडं हलणार. हे हलणं गणिताने मोजता येतं. हजार जणांसाठी ते सुमारे 3 टक्के. ते निम्म्यावर आणायला माणसं दुप्पट नव्हे, चौपट लागतात. जिल्ह्यात 8 लाख लोक असोत की 16 लाख, त्याने जवळजवळ फरक पडत नाही.

खाडीत पाग टाकणारा आठवा. लोकांचं खरं मत पाण्याखाली एका जागी आहे. 39 ते 45 ही ‘अ’ची पट्टी म्हणजे आपलं जाळं. याच रीतीने शंभरदा जाळं टाकलं, तर साधारण 95 वेळा मत आत सापडेल. आजचं जाळं त्या 95 मधलं की उरलेल्या 5 मधलं, हे कळत नाही. संख्याशास्त्रज्ञ येर्झी नेमन यांनी 1937 मध्ये मांडलेला ‘कॉन्फिडन्स इंटरव्हल’ तो हाच. आणि ‘अ’ची 3 टक्क्यांची आघाडी? इथे दोन्ही आकडे हलतात, त्यामुळे आघाडीतली चूक साडेपाच टक्क्यांपर्यंत जाते. ‘अ’ पुढे आहे असं ठामपणे म्हणता येत नाही.

पण कोकणात मला याहून मोठी काळजी वाटते. 2011 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया होत्या, राज्यात 929. पुरुष पोटापाण्यासाठी मुंबईत. त्यातल्या अनेकांचं नाव गावच्या मतदारयादीत, आणि मतदानाला ते गाडी पकडून येतातही. दुपारी वाडीत फिरणाऱ्या सर्वेक्षकाला मात्र पडवीत म्हातारी माणसं भेटतात, शेजारच्या दोन घरांना कुलूप, खलाशी समुद्रात. जे भेटलेच नाहीत त्यांचा हिशेब ±3 मध्ये नसतो. हजाराऐवजी चार हजारांना विचारलं तरी ही चूक तशीच राहते.

1936 मध्ये अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाकडे वीस लाखांहून जास्त उत्तरं आली होती. त्यावरून त्यांनी रूझवेल्ट यांचे प्रतिस्पर्धी आल्फ लँडन जिंकणार असं सांगितलं. रूझवेल्ट यांनी 48 पैकी 46 राज्यं जिंकली. पत्ते बरेचसे फोन आणि मोटारी असणाऱ्यांच्या याद्यांतले होते, आणि उत्तर पाठवण्याची तसदीही ठरावीक लोकांनीच घेतली.

म्हणून चाचणी हाती आली की मी बंद दारांचं काय केलं ते शोधतो: सर्वेक्षक संध्याकाळी पुन्हा गेला का, मुंबईतल्या मतदाराला फोन लावला का, बायका-पुरुषांचं प्रमाण मतदारयादीशी जुळवलं का.