जुन्या संगणकाचा यूएसबी पोर्ट संथ का होतो : पार्श्वभूमी

बेळगावात उद्यमबागेतल्या कारखान्यांत, निपाणी-खानापूरकडच्या छापखान्यांत कित्येक वर्षं जुने संगणक अजून रोजच्या कामात दिसतात. लग्नपत्रिकांचा सगळा जुना मजकूर युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये असतो, एखाद्या मशिनचं सॉफ्टवेअर विंडोज एक्सपी सोडून कशावर चालत नाही. मग संगणक बदलायचा कसा? तक्रार मात्र ठरलेली : चार जीबीची फाइल पेनड्राइव्हवर टाकायला तास लागतो. पोर्ट गेला, असं म्हणून मदरबोर्ड (संगणकाचा मुख्य सर्किट बोर्ड) बदलण्याआधी हा संथपणा आला कुठून ते पाहायला हवं.

यूएसबीचं पहिलं मानक जानेवारी १९९६ मध्ये आलं. कॉम्पॅक, डीईसी, आयबीएम, इंटेल, मायक्रोसॉफ्ट, एनईसी आणि नॉर्टेल या सात कंपन्या त्यामागे होत्या. इंटेलमध्ये हे काम पुढे नेणाऱ्यांत बडोद्यात शिकलेले अजय भट्ट होते. कीबोर्ड, माउस, प्रिंटर यांच्या निरनिराळ्या पोर्टांचा गुंता सोडवणं हा मुख्य हेतू होता, त्यामुळे सेकंदाला १.५ आणि १२ मेगाबिट एवढेच वेग पुरेसे वाटले. १२ मेगाबिट म्हणजे कागदावर दीड एमबी, प्रत्यक्षात साधारण एक. एप्रिल २००० मध्ये यूएसबी २.० आलं आणि आकडा ४८० मेगाबिटवर गेला. हाती पडतात सेकंदाला ३० ते ४० एमबी. तीच चार जीबीची फाइल पहिल्या वेगाने तासाहून जास्त घेते, दुसऱ्याने पावणेदोन ते सव्वादोन मिनिटं.

खरी मेख पुढे आहे. जुनी उपकरणं चालत राहावीत म्हणून त्या काळच्या बहुतेक मदरबोर्डांवर प्रत्येक पोर्टामागे दोन कंट्रोलर (पोर्टाचा कारभार पाहणारे भाग) ठेवले : वेगवान ईएचसीआय, आणि जोडीला जुना यूएचसीआय किंवा ओएचसीआय. ईएचसीआयचा ड्रायव्हर (त्याला चालवणारं सॉफ्टवेअर) चढेपर्यंत पोर्ट जुन्याच्याच ताब्यात असतो. एक्सपी ऑक्टोबर २००१ मध्ये आलं तेव्हा त्यात हा ड्रायव्हर नव्हता. तो सप्टेंबर २००२ च्या सर्व्हिस पॅक १ या सुधारणासंचाबरोबर मिळाला. म्हणून मूळ सीडीवरून एक्सपी टाकलं की पेनड्राइव्ह ओळखला जातो, उघडतो, काही चुकल्याचं कुठेच दिसत नाही, आणि चालतो मात्र १२ वर. फार तर कोपऱ्यात ‘हे उपकरण अधिक वेगाने चालू शकतं’ अशा अर्थाचा फुगा येतो, तोही लोक बंद करून टाकतात.

तपासायचं ते इथे. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजर या खिडकीत यूएसबी कंट्रोलरच्या यादीत ‘एन्हान्स्ड’ शब्द असलेली ओळ शोधा. ती नसेल तर आधी बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन यूएसबी २.० चालू आहे का बघा. काही बोर्डांवर तिथेच ‘फुलस्पीड’ आणि ‘हायस्पीड’ असे पर्याय असतात. नाव फसवं आहे : फुलस्पीड म्हणजे १२, हायस्पीड म्हणजे ४८०. तिथे चालू असूनही ओळ नाही, किंवा ओळ आहे पण पिवळं चिन्ह दिसतंय, तर सर्व्हिस पॅक, आणि त्यानंतर चिपसेटचा (मदरबोर्डावरच्या मुख्य चिपचा) ड्रायव्हर. क्रम हाच ठेवा.

एन्हान्स्डची ओळ ठीक असूनही वेग मिळत नसेल तर वायर पाहा. २.० चं वेगवान उपकरणसुद्धा आधी स्वतःला १२ वालं म्हणूनच जोडून घेतं. मग पोर्ट रीसेट होताना ते एक छोटा इशारा पाठवतं, पोर्ट उलट इशारे देतो, आणि ते नीट ऐकू आले तरच दोघं ४८० वर जातात. नाहीतर १२ वरच राहतात. समोरचे पोर्ट यात जास्त अडकतात, कारण मदरबोर्डच्या नऊ पिनांच्या हेडरपासून (वायर खोचायच्या जागेपासून) कॅबिनेटच्या तोंडापर्यंत बारीक वायर फिरलेली असते. मागचे पोर्ट थेट बोर्डाला डाखलेले असतात. तोच पेनड्राइव्ह मागे लावून वेग सुधारला, तर दोष वायरीत किंवा समोरच्या पोर्टातल्या धातूच्या पट्ट्यांत. खानापूरकडच्या पावसाळ्यात या पट्ट्यांवर काळपट थर धरतो. वीजपुरवठ्याची वायर काढून, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाच्या पातळ पट्टीने त्या पुसाव्यात. हेडरची वायर काढलीच तर परत बसवताना लाल तार पाच व्होल्टच्या पिनवरच आली पाहिजे. उलटी बसली तर पेनड्राइव्ह जळतो.

नोव्हेंबर २००८ मध्ये यूएसबी ३.० आलं, ५ गिगाबिटचं. इंटेलच्या चिपसेटमध्ये ते २०१२ मध्ये शिरलं, आणि दहा वर्षांपूर्वीचीच गोष्ट पुन्हा घडली. विंडोज ७ मध्ये नव्या एक्सएचसीआय कंट्रोलरचा ड्रायव्हर नव्हता. बायोसने निळे (३.० चे) पोर्ट तोवर ईएचसीआयकडे सोपवले, म्हणून ते चालतात, पण ४८० वर. तिथे बोर्ड बनवणाऱ्याचा ३.० ड्रायव्हर टाकणं हाच इलाज. निळ्या पोर्टात प्लग अर्धवट किंवा हळूहळू घातला तरी जोडणी २.० ची होऊन बसते, कारण जुन्या चार पट्ट्या आधी टेकतात आणि नव्या पाच शेवटी. काढून एका दमात पूर्ण आत घाला.

आणि पेनड्राइव्हच मंद असेल तर वरचं काहीही करून उपयोग नाही. स्वस्तातले कित्येक लिहिताना सेकंदाला १० एमबीच्या पुढे जात नाहीत. म्हणून चाचणी नेहमी एक मोठी फाइल वाचून घ्यावी, शेकडो बारीक फाइली लिहून नव्हे.

बोर्डातच २.० नसेल तर जादा कार्डं खोचायच्या पीसीआय स्लॉटात २.० चं कार्ड बसतं. पीसीआयची एकूण मर्यादा सेकंदाला १३३ एमबी असल्याने २.० ला ते पुरतं. ३.० चं कार्ड त्याहून नव्या पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटात लावावं. एक्स्प्रेसच्या जुन्या, पहिल्या पिढीच्या स्लॉटात ते २५० एमबीवर अडतं, तरी २.० च्या कितीतरी पुढे. कार्डावर वीजपुरवठ्याची वेगळी खाच असेल तर तिथे एसएमपीएसची (कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्याची) वायर जोडायला विसरू नका. नाहीतर हार्ड डिस्क लावली की जोडणी मधेच सुटते.