मलबारची झाडं तांब्याच्या पत्र्यावर

गार्सिया द ऑर्टा या पोर्तुगीज वैद्याचा भारतीय औषधींवरचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. माहिती भरपूर, पण चित्रं नाहीत. मग युरोपात बसलेल्या वाचकाने झाड ओळखायचं कसं? १५७८ मध्ये स्पेनमधल्या बुर्गोसला निघालेल्या क्रिस्तोव्हांव द कॉस्ताच्या पुस्तकात लाकडी ठशांची चित्रं आली, तीही ओबडधोबडच. खरा फरक पडला तो आणखी शंभर वर्षांनी, कोचीनमध्ये तयार झालेल्या ‘हॉर्टस मलबारिकस’ या ग्रंथाने.

डचांनी १६६३ मध्ये पोर्तुगीजांकडून कोचीन घेतलं. १६७० पासून मलबारचा कारभार पाहणारा हेन्ड्रिक व्हान ऱ्हीडे हा शिपाईगडी, वनस्पतिशास्त्राचं शिक्षण नसलेला. पण डच ईस्ट इंडिया कंपनीच्या आजारी माणसांना औषधं लागत होती आणि भोवतालचं रान औषधांनी भरलेलं होतं. त्याने स्थानिक जाणकार गोळा केले. त्यांत ईळव समाजातले वैद्य इट्टी अच्युतन प्रमुख. सोबत रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तिघे कोकणी ब्राह्मण. पोर्तुगीज राजवटीत गोवा सोडून कोचीनला स्थायिक झालेल्या समाजातले. या तिघांचं नागरी लिपीतलं साक्षपत्र पहिल्या खंडात जसंच्या तसं छापलेलं आहे. त्या काळच्या युरोपीय ग्रंथात इथल्या माणसांना नावानिशी असं श्रेय मिळणं दुर्मिळच.

सुरुवातीची चित्रं मॅथ्यू नावाच्या कार्मेलाइट या ख्रिस्ती पंथाच्या इटालियन पाद्र्याने काढली. ती ऱ्हीडेला पुरेशी वाटली नाहीत. मग माणसं रानातून ताज्या फांद्या आणत आणि चित्रकार तिथेच बसून पान, फूल, फळ उतरवून घेत. त्यावरून ॲम्स्टरडॅममध्ये तांब्याच्या पत्र्यांवर कोरीवकाम झालं. पानभर पसरलेल्या फांदीशेजारी झाडाचं नाव रोमन, मल्याळम, अरबी आणि नागरी लिप्यांत. ‘हॉर्टस मलबारिकस’चे बारा खंड १६७८ ते १६९३ दरम्यान निघाले, चित्रं सातशेहून अधिक. शेवटचा खंड पाहायला ऱ्हीडे उरला नव्हता. १६९१ मध्ये सुरतेच्या वाटेवर जहाजातच तो वारला. सुरतेच्या डच दफनभूमीत त्याची भलीमोठी कबर आहे.

या चित्रांचं वजन वाढलं ते स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसमुळे. भारतात कधीच न आलेल्या लिनियसने १७५३ मध्ये वनस्पतींना दोन पदांची शास्त्रीय नावं देताना या खंडांचा भरपूर आधार घेतला. ऱ्हीडेच्या झाडांचे वाळवलेले नमुने मागे राहिलेले नाहीत, म्हणून बिलिंबीसारख्या कित्येक जातींसाठी शास्त्राने ते चित्रच अधिकृत नमुना मानलं आहे. आपल्या कोकणातले कुडा, सातवीण, काजरा हेही पहिल्याच खंडात भेटतात.

कोरीव रेघेला मर्यादा असतातच: रंग नाही, वास नाही, चिकाचा पत्ता नाही. त्यामुळे वनस्पतिशास्त्रज्ञ के. एस. मणिलाल यांनी नुसत्या चित्रांवर विसंबून न राहता ती झाडं केरळात पुन्हा शोधून गोळा केली. लॅटिनमध्ये अडकलेला हा मजकूर त्यांनी इंग्रजीत आणला आणि केरळ विद्यापीठाने तो २००३ मध्ये प्रसिद्ध केला, म्हणजे पहिल्या खंडानंतर ३२५ वर्षांनी.