आपल्या कुत्र्याच्या स्वभावाविषयी आम्ही इतके प्रश्न का विचारतो?

आमच्या निवास केंद्रात कुत्रा पहिल्यांदा ठेवताना जो अर्ज भरून घेतला जातो, त्यात जातीसाठी एक ओळ आणि स्वभावासाठी दोन पाने आहेत. ‘लॅब्राडोर आहे’ एवढे सांगितले की सारे आलेच, असा अनेक ग्राहकांचा समज असतो आणि बाकीच्या प्रश्नांचा त्यांना थोडा कंटाळाही येतो. त्या दोन पानांमागचे कारण येथे सांगत आहोत.

प्रत्येक कुत्र्याला स्वतःचा स्वभाव असतो, हे घरी दोन कुत्री पाळलेल्या कोणालाही पटवून द्यावे लागत नाही; अभ्यासकांना मात्र ते मोजून दाखवावे लागले. कुत्रा आज पाहुण्यावर भुंकला, एवढ्यावरून त्याचा स्वभाव ठरत नाही. तोच कुत्रा वेगवेगळ्या दिवशी आणि वेगवेगळ्या जागी साधारण त्याच रीतीने वागत असेल, आणि त्याच प्रसंगी दुसरा कुत्रा निराळा वागत असेल, तरच त्याला स्वभाव म्हणता येते. रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलॉव्ह यांचे नाव लाळेच्या प्रयोगांशी, म्हणजे खाणे येणार याची खूण मिळताच कुत्र्याला लाळ सुटते हे दाखवणाऱ्या प्रयोगांशी, जोडले गेले आहे. पण एकाच पद्धतीने शिकवलेली कुत्री एकसारखी शिकत नाहीत, हे त्यांच्याही ध्यानात आले होते आणि मज्जासंस्थेच्या ठेवणीवरून त्यांनी कुत्र्यांचे चार प्रकार मांडले होते.

या विषयावरचा एक मोठा अभ्यास स्वीडनमध्ये झाला. तेथील एका ठरावीक चाचणीत कुत्र्याची अनोळखी माणसाशी भेट घडवतात, त्याच्याशी खेळतात, पळती वस्तू त्याच्यासमोरून नेतात, अचानक बाहुले उभे करतात आणि मोठा आवाज करून त्याची प्रतिक्रिया नोंदवतात. १६४ जातींच्या १५,३२९ कुत्र्यांच्या अशा नोंदी तपासून २००२ मध्ये पाच गुण वेगळे काढण्यात आले: खेळकरपणा, धीट कुतूहल, पाठलागाची ओढ, माणसांविषयीची आपुलकी आणि आक्रमकता. आमच्या अर्जातील बरेचसे प्रश्न या पाच गुणांभोवतीच फिरतात.

मग जातीचे काय? २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या पालकांकडून माहिती घेण्यात आली आणि दोन हजारांहून अधिक कुत्र्यांची जनुकीय तपासणी झाली. कुत्र्या-कुत्र्यांच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातील सुमारे ९ टक्केच जातीवरून सांगता येतो, असे त्यात आढळले. याचा अर्थ स्वभाव रक्तातून येत नाही असा नव्हे. तो येतो, पण जातीच्या शिक्क्यावरून ओळखता येत नाही. सांगितलेले ऐकण्याची तयारी जातीशी थोडी अधिक जुळते, तर कुत्रा किती चटकन चिडतो हे जातीवरून जवळजवळ सांगताच येत नाही. म्हणूनच ‘या जातीची कुत्री शांतच असतात’ या भरवशावर आम्ही कोणालाही खेळाच्या गटात सोडत नाही.

पिल्लांच्या बाबतीत आम्ही अधिकच सावध असतो. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यादरम्यान पिल्लाला किती माणसे, आवाज आणि जागा सुखरूपपणे अनुभवायला मिळाल्या, याचा पुढील वागण्यावर मोठा परिणाम होतो. मात्र पिल्लाची एकदाच चाचणी घेऊन मोठेपणीचा स्वभाव खात्रीने सांगता येत नाही, आणि तसा दावा कोणी केल्यास तो आपण जपूनच घ्यावा. प्रौढ कुत्र्याचा स्वभाव बराच स्थिर असतो, तरीही वयाप्रमाणे तो हळूहळू बदलतो. स्थिर स्वभावाचा कुत्रा एकाएकी गुरगुरू लागला किंवा कोपऱ्यात बसू लागला, तर तो बदललेला स्वभाव न समजता आधी पशुवैद्यांना दाखवावे, कारण अशा वागण्यामागे पुष्कळदा वेदना असते.

अर्ज भरताना ‘चांगला आहे’, ‘मस्तीखोर आहे’ असे शेरे लिहिण्याऐवजी प्रसंग लिहावेत. दारावरची घंटा वाजली की तो काय करतो, खाताना कोणी जवळ आले तर थबकतो का, पट्टा बांधलेला असताना दुसरा कुत्रा दिसला की ओढतो की मागे सरकतो, घरात एकटा किती वेळ राहतो, हे आम्हाला उपयोगी पडते. शक्य असल्यास घरातील दोघांनी एकमेकांना न विचारता उत्तरे लिहावीत. ती पुष्कळदा जुळत नाहीत (क्वचित त्यावरून घरात वादही होतात), पण कुत्रा कोणासमोर कसा वागतो हे त्या तफावतीतूनच कळते. बुजऱ्या कुत्र्याला आम्ही येण्याजाण्याच्या वाटेपासून दूरची खोली देतो आणि पहिल्या दिवशी त्याला गटात नेत नाही. पाठलागाची ओढ असणाऱ्याला लहान चणीच्या कुत्र्यांसोबत सोडत नाही.

भरलेला अर्ज आम्ही एक वर्षापर्यंत ग्राह्य धरतो. त्यानंतर, किंवा मधल्या काळात घर बदलले, घरात बाळ आले अथवा कुत्र्याचे मोठे आजारपण झाले, तर तो पुन्हा भरून द्यावा.