जॉयस्टिक कॅलिब्रेशन (स्पर्धेतला रोबो)

रोबो चालू करताना जॉयस्टिकचा मधला बिंदू, म्हणजे शून्य, चुकीचा धरला जातो आणि मग कुणी हात न लावता रोबो हळूहळू सरकायला लागतो, एका बाजूला ओढतो, किंवा दांडी पूर्ण पुढे ढकलली तरी पूर्ण वेग घेत नाही, या सगळ्याला मिळून कॅलिब्रेशनचा प्रॉब्लेम म्हणतात. बोलताना सरसकट ड्रिफ्ट म्हटलं जातं पण दोन्ही वेगळं ठेवलेलं बरं. ड्रिफ्टमध्ये आतला पोटेन्शिओमीटर (दांडीची जागा मोजणारा भाग) झिजून मधला आकडा कायमचा हललेला असतो, इथे मात्र दांडी नवी कोरी असली तरी सुरू होतानाच शून्य चुकतं.

जॉयस्टिक हा शब्द विमानातून आला, पण कुणामुळे यावर वाद आहे. कुणी श्रेय रोबेर एस्नो-पेल्तरी या फ्रेंच वैमानिकाला देतं, कुणी जेम्स हेन्री जॉइसच्या आडनावाला, कुणी ए. ई. जॉर्जच्या ‘जॉर्ज स्टिक’ला. ऑक्सफर्डच्या कोशात रॉबर्ट लोरेन या नट-वैमानिकाच्या १९०९ च्या डायरीतला वापर नोंदवलाय, आणि लेखी पुरावा म्हणून तोच जास्त धरण्यासारखा आहे. त्या दांडीला कॅलिब्रेशन लागत नव्हतं कारण ती तारांनी थेट विमानाच्या झडपांना जोडलेली, मध्य कुठे ते हातालाच कळायचं. अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेतले सी. बी. मिरिक यांचं दोन अक्षांच्या विजेच्या जॉयस्टिकचं पेटंट १९२६ चं आहे. मध्ये वीज आली की मध्य हा एक आकडा होतो, आणि तो कुणीतरी ठरवावा लागतो.

१९९२ पासून चाललेल्या फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन या शाळकरी मुलांच्या रोबो-स्पर्धेत २००८ पर्यंतच्या जुन्या कंट्रोलरवर अक्षाचा (दांडीच्या एका दिशेच्या हालचालीचा) आकडा ० ते २५४ असायचा आणि १२७ म्हणजे थांबलेलं. तेव्हाच्या सीएच कंपनीच्या दांड्यांवर प्रत्येक अक्षाला ट्रिमचं, म्हणजे मध्य जरा इकडे-तिकडे करायचं, छोटं चाक होतं, ते उचल-ठेव करताना जरासं फिरलं तरी रोबो इनेबल होताच, म्हणजे हलायची परवानगी मिळताच, रांगायला लागायचा. २००९ ला सी-रिओ आणि २०१५ ला रोबो-रिओ हे रोबोवरचे नवे कंट्रोलर आले, जॉयस्टिक यूएसबीने लॅपटॉपला लागली, आकडा −१ ते +१ झाला. तरी लॅपटॉपवरून रोबोकडे जाताना अक्षाचा आकडा ८ बिटांतच जातो, म्हणून सोडलेली दांडी बरेचदा ० ऐवजी ०.००७८ दाखवते, ही एक पायरी झाली आणि यात बिघाड काही नाही. डब्ल्यूपीआय-लिब या स्पर्धेच्या कोड-लायब्ररीतल्या डिफरेन्शियल ड्राइव्हमध्ये (डावी-उजवी चाकं वेगवेगळी चालवणारा भाग) ०.०२ चा डेडबँड, म्हणजे मध्याजवळचा शून्यच धरायचा पट्टा, आधीच दिलेला आहे, त्यात अशा दोन पायऱ्या सहज मावतात.

खरी अडचण सुरू होते ती शून्य कोण आणि कधी ठरवतं इथे. काही कंट्रोलर वीज मिळताना दांडी जिथे असेल तोच मध्य धरतात. गेमक्यूब या व्हिडिओ गेम कन्सोलचा कंट्रोलर याचं ठळक उदाहरण, त्यात एक्स, वाय आणि स्टार्ट तीन सेकंद दाबून ठेवले की मध्य पुन्हा घेतला जातो. स्पर्धेत जॉयस्टिक बसवलेली फळी मैदानावर नेऊन ठेवताना केबल दांडीवर पडलेली असते, तेवढ्यात प्लग लागतो, आणि तो तिरपा कोनच शून्य होऊन बसतो.

काही टीम हेच काम कोडमध्ये करतात, सुरुवातीचा आकडा साठवून नंतर वजा करतात. समजा त्या क्षणी अंगठा टेकलेला होता आणि ०.१५ वाचलं गेलं, तर दांडी सोडल्यावर −०.१५ जातं आणि रोबो मागे सरकतो, शिवाय पुढचा वेग ०.८५ वरच अडकतो. हा आकडा रोबो-इनिटमध्ये (रोबो सुरू होताना एकदाच चालणारा कोड) घेतला तर वेगळीच फसगत होते, कारण तेव्हा ड्रायव्हर स्टेशन, म्हणजे जॉयस्टिकचे आकडे पाठवणारा लॅपटॉपवरचा प्रोग्राम, जोडलेलं असेलच असं नाही, अक्ष ० परत देतो आणि कॅलिब्रेशन झालं असं वाटतं पण झालेलं काहीच नसतं.

विंडोजमधून कॅलिब्रेट करावं की कोडमध्ये डेडबँड ठेवावा याबद्दल दोन मतं आहेत. विंडोजचं कॅलिब्रेशन त्या एका लॅपटॉपवरच साठतं, ऐनवेळी दुसरा लॅपटॉप लावला की गेलं, त्यामुळे दुसरं मत जास्त पटतं. मात्र समजा ०.१ चा डेडबँड नुसता कापून टाकला तर दांडी ०.१ ओलांडताच वेग एकदम ० वरून ०.१ ला उडी मारतो. उरलेला पट्टा ताणून घ्यावा लागतो, म्हणजे ०.५५ वाचलं तर (०.५५ − ०.१) ÷ ०.९ = ०.५ पाठवायचं. डब्ल्यूपीआय-लिबचं अप्लाय-डेडबँड हे फंक्शन हेच करतं. पट्टा किती ठेवायचा? मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स कंट्रोलरसाठी सुचवलेले आकडे ३२७६७ पैकी डाव्या दांडीला ७८४९ आणि उजव्या दांडीला ८६८९ आहेत, म्हणजे जवळपास पाव प्रवास, जो रोबो बारकाईने वळवायला फार मोठा पडतो.

व्हेक्स या दुसऱ्या रोबो-स्पर्धेतल्या कॉर्टेक्स कंट्रोलरच्या रोबोंवर अक्ष −१२७ ते १२७ असतो, तिथेही विश्रांतीचा आकडा ३-५ राहिला की मोटर नुसती गुणगुणते.

मोटर कंट्रोलरचं (मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणाऱ्या डब्याचं) कॅलिब्रेशन ही वेगळी गोष्ट, पण गल्लत नेहमी होते. पीडब्ल्यूएमवर, म्हणजे पल्सच्या लांबीने वेग सांगणाऱ्या तारेवर, साधारण १.५ मिलिसेकंदाचा पल्स म्हणजे थांबा. जुन्या व्हिक्टरसारख्या कंट्रोलरचं बटण दाबून धरून जॉयस्टिक दोन्ही टोकांना नेऊन मध्ये सोडायची असते, त्यामुळे तेव्हा जॉयस्टिकचा मध्य चुकलेला असला तर ती चूक कंट्रोलरमध्ये कोरली जाते आणि पुढे दांडी बदलली तरी जात नाही. म्हणून आधी लॅपटॉपच्या डॅशबोर्डवर अक्षाचा आकडा बघायचा. तिथे ० असून चाक फिरत असेल तर जॉयस्टिक सोडून कंट्रोलरकडे वळायचं.