अन्नस्पर्धा, परक्या आणि देशी गोगलगाय-शिंपल्यांची

एकाच पाण्यात मूळची एक आणि बाहेरून आलेली एक अशा दोन कवचवाल्या जाती सारख्याच खाण्यावर जगायला लागल्या की त्यांच्यात जी ओढाताण होते तिला अन्नस्पर्धा म्हणतात. ह्यात मारामारी सहसा नसते, एक जण आधी खाऊन मोकळा होतो आणि दुसऱ्यापुरतं उरत नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली ह्या चार जिल्ह्यांत मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव 6,000 च्या आसपास आहेत, बोड्या म्हणजे शेतातली लहान तळी वेगळीच, आणि त्यांचं पाणी धानाच्या बांधीत जातं, म्हणून हा विषय आपल्याकडं थेट शेतापर्यंत येतो.

आधी कोण काय खातं ते बघायला पाहिजे, नाहीतर सगळंच एकात एक होतं. शिंपला, म्हणजे लेकराला दूध पाजायला आणि दुधाची खरवड काढायला ज्याची शिंपी घरात असायची तो लॅमेलिडेन्स, गाळात अर्धा रुतून बसतो, पाणी आत ओढतो, कल्ल्यांवर बारीक शेवाळाचे कण अडकवतो आणि नको ते चिकट गोळी करून बाहेर टाकतो. गोगलगाय मात्र खरवडून खाते, तिच्या जिभेवर किसणीसारखे दात असतात. त्यामुळे खरवडणारीची खरी भांडणं खरवडणारीशीच आणि गाळणाऱ्याची गाळणाऱ्याशी. बेलामिया ही झाकणवाली देशी गोगलगाय दोन्ही करते, दगडावरचा थर खरवडते आणि जमलं तर पाणी गाळूनही खाते, म्हणून तिला ह्या हिशोबात बसवणं जरा अवघड जातं.

आपल्या देशातल्या गोड्या पाण्यात पसरलेली परकी खरवडणारी म्हणजे फायसा अक्युटा. सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरची, पातळ, चकचकीत. ओळखायची सोपी रीत अशी की शंखाचं टोक वर आणि तोंड आपल्याकडं धरायचं, तोंड डाव्या हाताला आलं तर फायसा, उजव्या हाताला आलं तर लिम्निया ही दुसरी गोगलगाय नाहीतर बेलामिया. चपट्या चकतीसारखी इंडोप्लॅनॉर्बिस असते तिला ही रीत लावू नये.

फायसा मूळची कुठली ह्यावर बराच वाद झाला. द्रापार्नो ह्या फ्रेंच अभ्यासकानं फ्रान्सच्या गारोन नदीतल्या नमुन्यांवरून तिचं वर्णन केलं, ते 1805 मध्ये छापून आलं, तोवर तो वारला होता. नाव युरोपातून पडलं म्हणून पुढं दीडशे-पावणेदोनशे वर्षं ती युरोपची, भूमध्य भागातली असं धरलं गेलं. अमेरिकेत थॉमस से ह्यानं 1817 मध्ये फायसा हेटेरोस्ट्रोफा अशी वेगळी जात सांगितली होती. 2002 मध्ये ह्या दोघींचा संकर करून बघितला तर पिल्लं नीट झाली, पुढं तीही व्याली, म्हणजे जात एकच. ती मूळची उत्तर अमेरिकेचीच हे मत आता जवळजवळ सगळीकडं मान्य आहे आणि इथंही तेच धरलंय. युरोपात ती अठराव्या शतकात पोचली असावी, आणि अमेरिकेच्या दक्षिणेतून फ्रान्सला जाणाऱ्या कापसाच्या व्यापारातून गेली असाही तर्क आहे, तो आपल्या कापूसवाल्या मुलखाला पटकन पटेल पण तो तर्कच आहे. भारतात ती विसाव्या शतकात शोभेचे मासे आणि पाणवनस्पती ह्यांच्यासोबत आली असं मानतात.

तिचं बळ वेगात आहे. एकटी असली तरी स्वतःच स्वतःला फळवू शकते, दीड-दोन महिन्यांत अंडी घालायला तयार होते, श्वास हवेतून घेते म्हणून घाण पाण्यातही टिकते. बोडीचं पाणी काचेच्या बरणीत चार-आठ दिवस उन्हात ठेवलं की आतून हिरवा थर धरतो, त्यात फायसा सोडली तर ती चढत जाताना मागं नागमोडी स्वच्छ पट्टा राहतो, दुसऱ्या दिवशी पट्ट्यावर पट्टा. बेलामिया त्याच बरणीत तळाशीच हळूहळू फिरते, आणि ती अंडी न घालता थोडीच, पण जिवंत पिल्लं देते. दक्षिण आफ्रिकेत आताच्या क्वाझुलू-नाताल भागातल्या उम्सिंदुसी नदीत पूर ओसरल्यावर मोकळ्या पात्रात फायसा तिथल्या देशी बुलिनस गोगलगायीपेक्षा भराभर पसरलेली दिसली.

पण देशी गोगलगाई कमी होतात त्या फायसानं खाणं संपवलं म्हणून, की पाणी आधीच बिघडलं म्हणून, ह्यावर दोन मतं आहेत. नालीचं आणि शेणाचं पाणी जिथं उतरतं तिथं दुसऱ्या मताला जास्त आधार मिळतो, तिथून देशी जाती आधीच हटलेल्या असतात आणि फायसा रिकाम्या जागी शिरते. शिवाय मे महिन्यात बोडी आटली की पायला ही झाकणवाली मोठी देशी गोगलगाय गाळात शिरून झाकण लावून पावसाची वाट बघते, फायसाला झाकणच नाही, लांब उन्हाळी झोप तिला जमत नाही. बारमाही पाणी, कालव्याकडेची डबकी, घरामागची टाकी, तिचं खरं राज्य इथं.

गाळणाऱ्यांमधली स्पर्धा सगळ्यात नीट तपासली गेली ती अमेरिकेत. काळ्या समुद्र-कॅस्पियन भागातला झेब्रा शिंपला तिथल्या मोठ्या सरोवरांत 1988 मध्ये सापडला, 1991 मध्ये हडसन नदीत. एक शिंपला दिवसाला साधारण 1 लिटर पाणी गाळतो, आणि काही वर्षांत हडसनमधलं तरंगतं शेवाळ 80 ते 90 टक्क्यांनी घटलं. हे शिंपले देशी शिंपल्यांच्या पाठीवर बसून त्यांना गुदमरवतात म्हणून ते मेले, असं आधी वाटलं. पण हडसनमध्ये पाठीवर फारसे बसलेले नसतानाही देशी शिंपले आतून सुकत गेले, म्हणजे उपासमार हेच कारण जास्त पटतं. झेब्रा शिंपला भारतात स्थिरावल्याची नोंद नाही. उलट कॉर्बिक्युला ह्या आशियाई कुळातला, आपल्या नाल्यांच्या वाळूतल्या छोट्या शिंपल्याचा पूर्वेकडचा भाऊबंद अमेरिकेत परका ठरलाय, 1938 मध्ये कोलंबिया नदीत तो जिवंत मिळाला, आणि तो पाणी गाळतोच पण पायानं गाळातलंही उकरून खातो. भारतात खाऱ्या पाण्यातलं उदाहरण दक्षिण अमेरिकेच्या मायटेला शिंपल्याचं, केरळच्या अष्टमुडी खाडीत आणि चेन्नईजवळ एन्नोरला त्यानं जागा आणि खाणं दोन्ही व्यापलंय.

मामा तलावात शिंपल्याच्या ताटातला मोठा वाटेकरी कवचवाला नाहीच, 1959 मध्ये देशात आणलेला चंदेरी मासा म्हणजे सिल्व्हर कार्प तेच तरंगतं शेवाळ गाळून खातो.

सोयाबीन आणि संत्र्याच्या बागेत येणारी आफ्रिकी शंखी गोगलगाय जमिनीवरची, 1847 च्या सुमारास कलकत्त्यात आणलेली, तिचा वाटा वेगळा आहे. फायसा गावात येते ती फिश टँकचं पाणी विहिरीत किंवा बोडीत ओतल्यानं, आणि शिंगाड्याचे वेल एका तलावातून दुसऱ्यात नेताना. पानाची खालची बाजू उलटून बघितली तर बोटाच्या पेराएवढी नितळ चिकट पट्टी दिसते, उजेडात धरली की आत पांढरे ठिपके, ती तिची अंडी असू शकतात. नखानं खरवडून कोरड्या मातीत टाकली की संपतात.