पडद्यावर फाकलेला लाल रंग

"अरे, बातम्या सांगणारी बाई एकच, पण मला तीन दिसायल्यात," मामीचा परभणीहून फोन आला तो ऐन मे महिन्यात. हॉलमधला ५० इंची जुना प्रोजेक्शन टीव्ही बिघडला होता. पुढे मामेभावाने घरीच पाठ उघडली आणि आतल्या दोन आयसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक चिपा, बदलल्या. निळा आणि हिरवा रंग जागेवर आले, लाल मात्र हटून बसला. नवी आयसी बनावट निघाली, असं मामेभावाचं मत पडलं आणि तो दुसरी मागवायच्या बेतात होता. मी त्याला थांबवलं, कारण अशा वेळी बिघाड कुठे आहे हे बऱ्याचदा चित्रच सांगतं.

या टीव्हीत पडद्याखाली तीन नळ्या असतात, लाल, हिरवी आणि निळी. प्रत्येक नळी साधारण ७ इंचांची, आणि तिच्यावरचं चित्र जेमतेम पाच इंचांचं. भिंगातून आणि आरशावरून तेच चित्र पडद्यावर दहापट मोठं होऊन पडतं. म्हणजे नळीवर रंग अर्धा मिलिमीटर सरकला, तरी पडद्यावर अर्धा सेंटीमीटर फरक दिसतो. लग्नपत्रिकेच्या छपाईत रंगांचे ठसे एकमेकांवर बसले नाहीत की गणपतीला लाल-निळे काठ येतात, तसंच हे.

सहसा हिरवी नळी मधोमध असते आणि उरलेल्या दोघी तिच्या दोन बाजूंना. बाजूची नळी तिरपी बघते, त्यामुळे पडद्याची एक कड तिला जवळ पडते आणि दुसरी लांब. लांबच्या कडेला चित्र जास्त पसरतं आणि चौकोनाचा समलंब होतो. हे सुधारायला नळीच्या मानेवर जास्तीच्या तारांची वेटोळी बसवलेली असतात. त्यांतून वीज गेली की चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि इलेक्ट्रॉनचा झोत हवा तेवढा वळतो. तीन रंग आणि प्रत्येकाच्या दोन दिशा, आडवी आणि उभी, अशा सहा वाटा झाल्या. त्यांना वीज पुरवतात त्याच या दोन आयसी, एकेकीकडे तीन वाटा. बाजारात त्यांना 'एसटीके' म्हणतात. त्या मुळातच तापतात. त्यात हीट सिंकवरची, म्हणजे उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पट्टीवरची, पेस्ट वाळलेली आणि बाहेर परभणीचा उन्हाळा, मग त्या दगा देतात.

आम्ही दुरुस्तीसाठीच्या सर्व्हिस मेनूतून चौकड्यांची जाळी पडद्यावर आणली. लाल रंगाच्या उभ्या रेषा बरोबर जागेवर होत्या. आडव्या रेषा मात्र डावीकडे दाटलेल्या आणि उजवीकडे पंख्यासारख्या फाकलेल्या. लाल निघून गेल्यामुळे तिथल्या पांढऱ्या रेषा मोरपंखी झाल्या होत्या, कारण हिरवा आणि निळा मिळून तोच रंग देतात. म्हणजे सहापैकी पाच वाटा चालू, फक्त लाल रंगाला वर-खाली हलवणारी एक बंद. आयसीच मेली असती तर बहुधा तिच्या तिन्ही वाटा गेल्या असत्या.

जुनी आयसी जळताना बऱ्याचदा जादा प्रवाह ओढते आणि तिच्या शेजारचा एखादा लहानसा रेझिस्टर, म्हणजे विजेला अडवणारा भाग, उडतो. नवी आयसी बसवणारे हमखास इथेच चुकतात, कारण तो रेझिस्टर वरून धडधाकट दिसतो. शोधायची युक्ती सोपी आहे. सहा वाटांची जोडणी जवळपास सारखीच असते, तेव्हा चालू असलेल्या पाचांशी सहावी ताडून बघायची. प्लग काढून बराच वेळ थांबलो आणि मल्टिमीटर लावला. पाच ठिकाणी चार-पाच ओहम आले, सहाव्या ठिकाणी काटा हललाच नाही, म्हणजे तिथला रेझिस्टर आतून तुटला होता. रेझिस्टर बदलून कथिलाचा नवा डाग दिला.

इथे दोन गोष्टी कळकळीने सांगतो. नळ्यांना २५ ते ३० हजार व्होल्ट लागतात आणि प्लग काढल्यावरही त्यांत भार साठून राहतो. त्यांच्या टोपणाखालच्या जाड वायरीला अनुभव नसताना हात लावू नका. दुसरं, अशा बऱ्याच टीव्हींत नळी आणि भिंग यांच्यामध्ये थंडाव्यासाठी इथिलिन ग्लायकॉल असलेलं द्रावण भरलेलं असतं. ते गोडसर लागतं, पण विषारी आहे. तळाशी चिकट ओल दिसली तर आधी लेकरांना आणि मांजराला लांब करा.

टीव्ही अर्धा तास तापू दिला, कारण थंड टीव्हीवर लावलेली जुळणी नंतर सरकते. आधी हिरवी जाळी सरळ केली, मग तिच्यावर लाल बसवली, शेवटी निळी. एकेक चौकट पुढे नेत गेलो तशा मोरपंखी रेषा पांढऱ्या होत गेल्या. वरच्या उजव्या कोपऱ्यात केसभर लाल काठ उरला. तो काढायला मी पुन्हा रिमोट उचलला, तेवढ्यात मामी खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "राहू दे आता. बातम्या लाव."